म्हातारी दिसते का?

ओकुने बेटाच्या विमानतळावर मी एकतीस वर्षं माणसांची वजनं केली. तिकीट फाडणं, सामानाला चिठ्ठी बांधणं, घोषणा करणं, हेही माझंच काम. पण लोकांच्या लक्षात राहिली ती वजनं. विमान नऊ माणसांचं. कोण जड, कोण हलकं हे कळल्याशिवाय कुणाला पुढे बसवायचं आणि कुणाला मागे, ते ठरत नसे. म्हणून ज्याने त्याने बॅगेसकट काट्यावर उभं राहायचं. बायका आधी चपला काढायच्या, जसा काही सगळा घोटाळा चपलांनीच केलाय. मी कागदावर खरा आकडा लिहायची आणि तोंडाने दोन किलो कमी सांगायची. बायका खूश व्हायच्या, विमान नीट उडायचं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलून टाकायची ही सवय मला लहानपणापासूनची आणि बेटावर ती सगळ्यांना ठाऊक होती.

पण ही गोष्ट माझी नाही. ती तोकुजी इसोगाई यांची. सगळे त्यांना मानाने तोकुजी-सान म्हणायचे. ते त्याच विमानतळावर हवामान बघायचे. बारीक चणीचा, नाकासमोर चालणारा माणूस. टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली दोरी बांधायचे आणि मी त्यावरून त्यांची रोज चेष्टा करायची. डब्यात उकडलेलं रताळं आणि भाजलेला सुका मासा, वर्षानुवर्षं तेच. हसायचे कमी, बोलायचे त्याहून कमी.

विमानतळ झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पठारावरची रताळ्याची शेतं सपाट करून ही धावपट्टी केली. बाराशे मीटर लांब, एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला दगडी बांध आणि त्यापलीकडे थेट समुद्र. उत्तरेच्या टोकाखाली इसोगाईंचं शेत गाडलं गेलंय. त्यांच्या वडिलांनी सही करताना एकच अट घातली, पोराला इथे चिकटवा. उद्घाटनाच्या दिवशी शाळेतली पोरं झेंडे घेऊन उभी, मंडपात ताटं वाढलेली आणि साहेबलोकांचं विमान धुक्यात वरच्या वर तीन घिरट्या घालून नागासाकीला परत गेलं. जेवण आम्हीच जेवलो. मी तेव्हा शाळेत होते, इतका चांगला मासा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. पण तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं की धावपट्टी झाली म्हणजे विमान येईलच असं नाही.

येणार की नाही, ते म्हातारी ठरवायची. समुद्रात एक खडक आहे, पाठीत वाकलेला. डाव्या खांद्यावर पाणकावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिटून पांढरा थर केलाय. हीच आमची म्हातारी. हवामान बघायच्या चौथऱ्यापासून ती बरोबर सोळाशे मीटरवर. ती दिसली तर विमानाला खाली यायची मुभा, नाही दिसली तर नाही. तोकुजी-सान चौथऱ्यावर उभे राहून बघायचे आणि किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा फोनवर नागासाकीला सांगायचे, तिथून तो वैमानिकाला कळायचा. बाकी दीपगृह, शाळा, देवळाचं छप्पर, अशाही खुणा होत्या. पण आमच्याकडे धुकं येतं ते समुद्रावरून, त्यामुळे सगळा कारभार म्हातारीच्या हातात. बेटावर ती बोलण्यातच येऊन बसली. कुणाच्या मुलीचं लग्न जुळतंय का, कुणाचा पोरगा परीक्षेत पास होतोय का, सगळ्याला एकच प्रश्न, म्हातारी दिसते का?

मी नोकरीला लागले त्याच वर्षी ते प्रकरण झालं. तेव्हा मुख्य निरीक्षक मोगी-सान म्हणून होते, तोकुजी-सान त्यांच्या हाताखाली. विमानात आमचे सरपंच होते, मुलीच्या लग्नाला येत होते, आणि वऱ्हाड विमानतळावर येऊन बसलेलं. धुकं विरळ होतं. सगळ्यांनी मोगी-सानना घेरलं, बघा ना जरा, दिसत असेल. मोगी-सान म्हणाले, दिसते. विमान खाली आलं, पण धावपट्टी त्याला फार उशिरा सापडली. चाक बांधाला अडकलं. माणसं वाचली, पण वैमानिकाचा उजवा हात कोपरापासून गेला. मोगी-सान त्यानंतर कामावर आले नाहीत. मरेपर्यंत शपथेवर सांगायचे की मला ती दिसली होती. आणि दिसलीच असणार. सगळा घोळ तिथेच होता.

त्या दिवसापासून तोकुजी-सानचा एक नेम झाला. खडकाकडे बघायचं, मग मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघायचं, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा बघायचं. असं तीनदा. तिन्ही वेळा दिसली तरच दिसली. शंका असेल तर दुसऱ्या कुणाला बोलावून विचारायचे, पण ‘म्हातारी दिसते का’ असं कधीच नाही. विचारायचे, ‘काय दिसतं?’ कारण आमच्या बेटावर ‘दिसते का’ विचारलं की लोक समोरच्याचं तोंड बघून ‘दिसते’ म्हणतात. तोकुजी-सान म्हणायचे, माहीत असलेली गोष्ट डोळ्याला फार लवकर दिसते, आणि हवी असलेली त्याहून लवकर. मला हे सगळं अति वाटायचं. विमान परत गेलं की लोकांच्या शिव्या खिडकीवर मीच खायची, हे तिकडे बुटांकडे बघत उभे.

त्यांची बायको हात्सुए माझी मैत्रीण. धक्क्यावर माकूळ मासळी वाळवायच्या कामाला होती, हसायला लागली की लांबून ऐकू यायची. असा मुखदुर्बळ नवरा तिने कसा काय निवडला, असं मी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, हा जे बोलतो ते खरं असतं, एवढं पुष्कळ झालं. त्यांना एकच मुलगी, कानाए. शाळा संपल्यावर ओसाकाला गेली आणि तिथे एका बेकरीत कामाला लागली. वर्षातून एकदा यायची, दर वेळी आईला घट्ट धरून उभी राहायची आणि बापासमोर नुसती मान झुकवायची.

हात्सुएचं दुखणं मला काट्यावर कळलं. नागासाकीच्या मोठ्या दवाखान्यात जायला ती दर महिन्याला विमानाने जायला लागली. आधी बावन्न. मग सत्तेचाळीस. हिवाळ्यानंतर एक्केचाळीस. मी तोंडाने त्रेचाळीस म्हणाले. ती काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

“मिसाओ, माझ्याशीसुद्धा?”

तोकुजी-सान तिची बॅग धरून मागे उभे होते. त्यांनीही ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जूनमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. ती आमच्या बेटावरच्या छोट्या दवाखान्यात पडून होती. एका मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं, आज काढेल, उद्याचं सांगता येत नाही. तिचा सगळा जीव कानाएत अडकलेला. दुसरं काही मागत नव्हती, पाणीसुद्धा नाही. बोट बुधवारी नव्हती. कानाए रात्रीच्या गाडीने ओसाकाहून निघाली आणि बुधवारी सकाळचं विमान तिने धरलं. नागासाकीच्या विमानतळावर तिला सांगितलं होतं, ओकुनेला धुकं आहे, उतरता आलं नाही तर परत यावं लागेल, मान्य असेल तरच बसा. हे आम्हा बेटावरच्यांना पाठच असतं, सगळे मान्य म्हणतात आणि बसतात.

पाळी तोकुजी-सानची होती. दुसऱ्या निरीक्षकाने येतो म्हणून सांगितलं, आमच्या साहेबांनी रजा घ्या म्हणून सांगितलं. मीही सांगितलं, अहो, तिच्याजवळ बसा. त्यावर ते म्हणाले, तिनेच पाठवलंय. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, तुम्ही जाऊन बघा म्हणजे ती उतरेल, असं म्हणाली. एवढं सांगून त्यांनी टोपीची दोरी बांधली आणि चौथऱ्याकडे गेले.

अकराच्या सुमाराला वर आवाज आला. खिडकीवर बसवेना. मी सगळं तसंच टाकून चौथऱ्यावर पळत गेले. धुकं दाट नव्हतं. पातळ पेजेसारखं हलत होतं, कुठे जाड, कुठे नितळ. विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं, दिसत नव्हतं, नुसता आवाज. तोकुजी-सान उभे होते, हात मागे बांधलेले. मी समुद्राकडे बघितलं आणि मला ती दिसली. पुसट, पण वाकलेली पाठ, खाली फेस, सगळं. तोकुजी-साननी विचारण्याच्या आतच मी बोलून गेले.

“दिसते.”

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. “काय दिसतं?”

“म्हातारी. डावा खांदा पांढरा आहे.”

“डावा खांदा पांढरा आहे हे तू आंधळी झालीस तरी तुला माहीत असेल, मिसाओ.”

आवाजात राग नव्हता. ते समुद्राकडे वळले. बघितलं, मान खाली, दहा आकडे. पुन्हा बघितलं. पुन्हा मान खाली. ओठ हलताना मला दिसत होते. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ बघितलं. मग फोन उचलून नेहमीच्या आवाजात म्हणाले, बाराशे मीटरपर्यंतच दिसतंय, म्हातारी दिसत नाही.

विमान वीस मिनिटं वर होतं. त्या वीस मिनिटांत त्यांनी आणखी दोनदा हेच केलं आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं. मी शेजारी उभी होते. मला ती कधी दिसत होती, कधी नव्हती, पण दर वेळी त्यांनी फोन उचलला तेव्हा दिसत होती, हे मी आज देवासमोरही सांगेन. शेवटी आवाज आग्नेयेकडे सरकला, लहान झाला आणि गेला. तोकुजी-साननी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.

दवाखान्यातली नर्स माझ्या भावजयीची बहीण. तिने नंतर सांगितलं. वर आवाज आला तशी हात्सुएने डोळे उघडले, म्हणाली, आली गं माझी पोर. नर्सला म्हणाली, माझे केस विंचर. नर्स विंचरत होती. आवाज फिरत राहिला, फिरत राहिला आणि मग लांब गेला. हात्सुए विमानतळावरच्या माणसाची बायको, तिला काही समजवायची गरज नव्हती. तिने नर्सचा हात धरला आणि राहू दे म्हणाली. संध्याकाळी पावणेपाचला गेली. तेव्हा तोकुजी-सान तिच्याजवळ होते. दुपारचं विमान निघालंच नाही.

कानाए गुरुवारच्या बोटीने आली. घर माणसांनी भरलेलं, आई मध्ये निजवलेली, उदबत्तीचा धूर. ती आईपाशी बसली, खूप वेळ बसली, रडली नाही. मग बापाकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत बोलली.

“बाबा, मला वरून सगळं दिसत होतं. धावपट्टी दिसत होती. दवाखाना दिसत होता. आपल्या घराचं छप्परसुद्धा दिसत होतं.”

तोकुजी-सान म्हणाले, “वरून दिसतं. आडवं बघितलं की दिसत नाही.”

हे खरंच आहे. धुकं अंगाने पातळ असतं. वरून खाली बघताना थोडंसंच मध्ये येतं, आडवं बघताना सगळं येतं. विमानतळावरच्या कुणालाही विचारा. पण आई गेलेल्या पोरीला हे सांगायचं असतं का? मला तर तिथेच त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. कानाए सगळे विधी होईपर्यंत थांबली आणि बोटीने गेली. त्यानंतर नव्या वर्षाला एक कार्ड यायचं, त्यावर छापलेल्या मजकुराखाली नुसतं नाव.

मीही त्यांच्याशी धड बोलणं सोडलं. चहा पुढे ठेवायची, शब्द नाही. मला राग होता. त्यांनी माझा शब्द मोडला याचा होता, की माझा शब्द मोडण्याच्याच लायकीचा झाला होता याचा, ते मला तेव्हा कळत नव्हतं. इतकी वर्षं तोंडाने एक आकडा आणि कागदावर दुसरा, हे करताना मला वाटायचं कुणाचं काही बिघडत नाही. ज्या दिवशी खरं बोलले त्या दिवशी ते ओळखायला कुणी नव्हतं.

पुढे चौथऱ्यावर एक यंत्र आलं. दोन खांब, मध्ये उजेडाचा झोत, धुकं किती ते आपलं आपणच मोजतं आणि आपणच कळवतं. तोकुजी-सानना घरी बसवलं. ते यंत्र काही मान खाली घालत नाही, मी म्हटलं, पण ऐकायला ते नव्हते. मग लोकच कमी झाले. पोरं शहरात, म्हातारे स्मशानात. नऊ जागांच्या विमानात दोन माणसं, कधी एक. एका मार्चमध्ये शेवटचं विमान गेलं. आम्ही पाचजणांनी रांगेत उभं राहून ते दिसेनासं होईपर्यंत हात हलवले, रोज हलवायचो तसेच, आणि मग काटा आत नेऊन ठेवला. आता धावपट्टीवर आजाऱ्याला न्यायला हेलिकॉप्टर येतं तेवढंच. बाकी गवत.

म्हातारपणी माणूस रागसुद्धा धरून ठेवू शकत नाही. तोकुजी-सानचे डोळे काचबिंदूने गेले, ते वृद्धाश्रमात राहायला आले, आणि मी आठवड्यातून एकदा रताळं उकडून नेऊ लागले. वाचून दाखवायची, गावातल्या भानगडी सांगायची. त्या दिवसाचा विषय आम्ही कधी काढला नाही. दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि त्यातून ते उठणार नाहीत हे त्यांना कळलं होतं. मी उशी सरळ करत होते तेव्हा म्हणाले,

“मिसाओ, एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी तू ‘दिसते’ म्हणालीस. तुला खरंच दिसली होती, की माझं तोंड बघून म्हणालीस?”

तेवीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. दिसली होती, तीनदा दिसली होती, तुम्ही माझं ऐकलं नाहीत, हे वाक्य मी स्वयंपाक करताना, धुणं धुताना किती वेळा घोटून ठेवलं होतं. आणि समोर हा माणूस, दृष्टी गेलेली, हाडं वर आलेली, माझ्या आवाजाच्या दिशेने कान लावून पडलेला. मरताना त्याच्या छातीवर हा दगड ठेवू? माझ्या तोंडातून सवयीने जे यायचं तेच आलं.

“तुमचं तोंड बघून म्हणाले. काही दिसत नव्हतं.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग हळूहळू बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, “मला दिसली होती. तिन्ही वेळा. पाठ, खांदा, खालचा फेस, सगळं स्वच्छ. मी मनाशी म्हटलं, तोकुजी, मोगी-सानना अशीच दिसली होती. बायको मरायला टेकलीय, पोरगी वर आहे, तुला नाही दिसणार तर कुणाला दिसणार? म्हणून नाही म्हटलं. पण एक शंका राहिली होती. तुला जर खरंच दिसली असेल, तर ती होती. आज ती शंका गेली.”

मी उशीचा कोपरा धरून उभी राहिले. फेसाबद्दल मी त्यांना त्या दिवशी काही बोलले नव्हते. त्यांना फेस दिसला होता, मलाही दिसला होता. दोन माणसांना एकाच वेळी एकच स्वप्न पडत नाही. म्हातारी तिथे होती. विमान उतरलं असतं. हात्सुएने केस विंचरून घेतले होते ते फुकट गेले नसते. मला बोलायचं होतं, आत्ता, या क्षणी. पण आदल्याच क्षणी जे दिलं ते परत कसं घ्यायचं?

तोकुजी-सान हसत होते. म्हणाले, कानाएला फोन लावून दे. मी नंबर लावला, फोन त्यांच्या कानाशी धरला. ते म्हणाले, “कानाए, मिसाओने कबूल केलं. नव्हती म्हातारी. मी तुला उगाच परत पाठवलं नाही.” मग ते मला म्हणाले, तू सांग तिला, तिला माझं पटणार नाही.

मी फोन कानाला लावला. कानाएचा आवाज आता तिच्या आईसारखा झालाय. तिने विचारलं, “मिसाओ-काकू, खरं सांगा. नव्हती?”

तोकुजी-सान माझ्याकडे तोंड करून ऐकत होते.

“नव्हती,” मी म्हणाले.

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, इतकी वर्षं मी उगाच बाबांना दोष दिला, काकू, उद्याच्या बोटीने येते. मी म्हटलं, ये.